हिवाळ्यात गोव्यातल्या सत्तरी-धारबांदोडा तालुक्यांकडे साहसी पार्क: लहान मुले आणि आजी-आजोबा सोबत असताना काय तपासावे, काय न्यावे

ओहोळ (धागाकर्ता)

डिसेंबरचा तिसरा किंवा जानेवारीचा दुसरा आठवडा, एकच दिवस, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. निघायचे पणजीहून, दोन गाड्यांनी. माणसे अकरा: सहा मोठी, आजी-आजोबा (७४ आणि ७८, आजींचा गुडघा दुखरा) आणि तीन मुले. मुलांची वये ६, ९ आणि १३. वजने अनुक्रमे २०, २७ आणि ४४ किलो. रानाच्या कडेला, कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) असलेला पार्क हवा आहे. झिपलाईन (तारेला लटकून पुलीने घसरत जायचे), दोरीचे पूल, कयाक (वल्ह्याची छोटी होडी), एटीव्ही (चार चाकांची रानगाडी) असे नेहमीचे खेळ.

विचारायचे ते असे:
१) कुठले मूल काय करू शकते?
२) तिथे गेल्यावर सामान सुरक्षित आहे हे आपल्यासारख्या साध्या माणसाने कसे ओळखावे?
३) हिवाळ्यात रानाच्या बाजूला वेगळी काय काळजी?
४) डबा काय न्यावा?

पार्कांची नावे आणि जाहिराती कृपया नकोत. कुठल्याही पार्कात उपयोगी पडेल असे लिहा.


गाठ_आणि_दोर

वजने लिहिलीत हे फार चांगले केलेत. तिकीट खिडकीवर "६ वर्षांपुढील" अशी पाटी असते, पण तारेला वय कळत नाही, वजन कळते.

झिपलाईनवर एकट्याने जायला साधारण २५ ते ३० किलो किमान आणि ११० ते १२० किलो कमाल, अशी मर्यादा असते. नेमका आकडा प्रत्येक तारेचा वेगळा, कारण तो उतारावर आणि ब्रेकवर ठरतो. किमान वजनाचे कारण बरेच जणांना माहीत नसते. तारेला मध्ये झोळ असतो. उतारावर वेग घ्यायचा आणि त्याच वेगावर शेवटचा थोडा चढ चढून मचाणावर पोचायचे, अशी तिची रचना. २० किलोच्या मुलाकडे तेवढा जोर नसतो. समोरून वारा असला तर ते चढाच्या आधीच थांबते, मागे घरंगळते आणि मधल्या खोलगट भागात लटकून राहते. वजनदार माणसाचे उलट: तो जास्त वेगाने येतो आणि ब्रेकवर आदळतो.

म्हणून तुमच्या हिशेबाने:
६ वर्षे, २० किलो: एकट्याने झिपलाईन नाही. प्रशिक्षकासोबत दुहेरी असेल तरच.
९ वर्षे, २७ किलो: काठावर. पार्काची मर्यादा २५ असेल तर चालेल, ३० असेल तर आग्रह धरू नका. बूट आणि हेल्मेट घालून काट्यावर उभे करा.
१३ वर्षे, ४४ किलो: सगळ्या तारा चालतील.

ज्या पार्कात वजनकाटाच नाही, नुसते बघून "चालेल, चालेल" म्हणतात, तिथे झिपलाईन करू नका. बाकीचे सगळे करा, हे नको.

आता हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा पट्ट्यांचा साज. मोठ्यांचा कंबर-मांड्यांचा असतो. लहान मुलांची कंबर आणि कुल्ले सरळसोट असतात, त्यामुळे मूल उलटे झाले तर ते त्यातून निसटू शकते. साधारण ४० किलोखालच्या मुलाला छाती-खांद्यांसकट पूर्ण अंगाचा हार्नेस हवा, आणि त्याची कडी छातीपाशी हवी. मोठ्यांचाच हार्नेस खेचून-आवळून बसवलेला दिसला तर नाही म्हणा.

चढवल्यावर सहा गोष्टी हात लावून बघा. त्यांना राग येणार नाही. चांगल्या प्रशिक्षकाला उलट बरे वाटते.

पट्टा: कुल्ल्यांच्या हाडांच्या वर, खऱ्या कमरेला. पट्टा आणि अंग यांच्यामध्ये आडवा हात जेमतेम जावा, मूठ जाता कामा नये. शर्टाच्या घडीवर आवळलेला पट्टा नंतर ढिला होतो.

बकल: काही बकलांत पट्टा एकदा घालून पुन्हा उलटा ओवावा लागतो. तशा बकलातून नुसता सरळ बाहेर आलेला पट्टा भार आल्यावर सरकतो. पट्ट्याचे उरलेले शेपूट निदान चार बोटे हवे.

शिवण: चांगल्या हार्नेसची शिवण मुद्दाम वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने घातलेली असते, उसवली तर दिसावी म्हणून. तिथे केसाळपणा, तुटके धागे, कडक पडलेला किंवा उन्हाने विटलेला पट्टा दिसला तर दुसरा मागा. नायलॉन उन्हाने आतून कुजते. वापरले नाही तरी उत्पादक बहुधा दहा वर्षांची कमाल मर्यादा देतात. आतल्या बाजूच्या लेबलवर वर्ष छापलेले असते. लेबलच नसेल तर वय कळायला मार्ग नाही.

कॅराबिनर (जोडायची धातूची कडी): स्क्रू पूर्ण फिरवलेला. दाबून बघा, उघडता कामा नये. भार लांबीच्या दिशेने यायला हवा. लांबीत तो २० किलोन्यूटनच्या (साधारण दोन टनांच्या) वर सोसतो, आडवा झाला तर ७-८ वरच येतो. हे आकडे त्याच्या अंगावर कोरलेले असतात.

हेल्मेट: मान हलवून बघा. कपाळावरून मागे सरकले तर हनुवटीचा पट्टा ढिला आहे.

अंगावरचे: ओढणी, स्कार्फ, लांब मोकळे केस, अंगठ्या, मंगळसूत्र, गळ्यातली साखळी. हे सगळे खाली ठेवायचे. पुलीत केस किंवा ओढणी गेली तर पुली लगेच थांबत नाही. मंगळसूत्र काढायचे नसेल तर ते ब्लाऊजच्या आत, टाचणीने पक्के.


चार_चाकं

गाठभाऊ, छान लिहिलेत. एक शंका. बऱ्याच ठिकाणी तार लोंबलेली दिसते, त्यामुळे लोकांना भीती वाटते. पक्की ताणलेली तार जास्त सुरक्षित नाही का?


गाठ_आणि_दोर

नाही, आणि हा गैरसमज धोक्याचा आहे, म्हणून आकडे देतो. तारेच्या बरोबर मध्ये ८० किलोचा माणूस आहे. तारेचा झोळ लांबीच्या ५ टक्के असेल, म्हणजे १०० मीटरला ५ मीटर, तर त्या माणसामुळे तारेवर साधारण ४०० किलोचा ताण येतो. तीच तार आवळून झोळ २ टक्क्यांवर आणली, तर त्याच माणसाचा ताण १००० किलो होतो. माणूस तोच, तार तीच, ताण अडीचपट. तो जातो टोकाच्या खांबावर, झाडावर आणि क्लिपांवर. झोळ हवाच.

तारेच्या टोकाकडे बघायला जमले तर बघा. तार वळवून परत स्वतःला क्लिपांनी आवळलेली असते. १२ मिमी तारेला निदान तीन क्लिपा हव्यात, आणि दोन क्लिपांत तारेच्या जाडीच्या सहापट अंतर, म्हणजे ७ सेंटिमीटरच्या आसपास. क्लिपेचा जाड, खाचेचा भाग भार घेणाऱ्या तारेवर हवा. वाकलेली यू-सळी मोकळ्या टोकावर. उलट लावली तर सळी भाराच्या तारेला चिरडते. वळणात थिंबल म्हणजे धातूची खोबण असलीच पाहिजे. पावसाळ्यानंतर या क्लिपांवर गंज आलेला असतो. वरवरचा तांबूस रंग चालेल. पापुद्रे सुटत असतील तर नको.

खांब लाकडी असेल तर बुंध्याशी वाळवीची मातीची नळी आहे का बघा. तार झाडाला बांधली असेल तर तार आणि साल यांच्यामध्ये लाकडी पट्ट्या हव्यात. नाहीतर तार सालीत रुतते आणि झाड हळूहळू मरते. माड, पोफळ किंवा काजूला मुख्य तार बांधलेली दिसली तर मागे फिरा. पोफळ फार सडपातळ, काजू ठिसूळ आणि माडाची मुळे वरवर पसरलेली.

हिवाळ्याचे खास: सकाळी तारेवर दव असते. जिथे चामड्याच्या हातमोज्याने तार दाबून वेग कमी करायचा असतो, तिथे ओल्या तारेवर पकड सुटते. मचाणाच्या फळ्यांवर पावसाळ्यातले शेवाळ सावलीत टिकून असते, दव पडले की ते साबणासारखे होते. म्हणून झिपलाईन साडेनऊच्या आधी नको. दिवसाची पहिली फेरी कर्मचाऱ्याने स्वतः मारलेली हवी. विचाराच: "आज पहिली फेरी कोणी घेतली?"


ओहोळ

खूप उपयोगी. दुहेरी म्हणजे बाबाच्या मांडीवर बसवून घेतले तर चालते का? तसे फोटो दिसतात.


गाठ_आणि_दोर

मांडीवर नाही. मुलाचा स्वतःचा हार्नेस, स्वतःचा लॅनयार्ड (हार्नेसला लावलेली हुकाची दोरी), तारेवरच्या पुलीला थेट जोडलेला. ज्याच्या हातात ब्रेक आहे तो प्रशिक्षक हवा, बाबा नव्हे. आणि दोघांचे मिळून वजन कमाल मर्यादेच्या आत. मांडीवरचे मूल आदळताना पुढे फेकले जाते, आणि ब्रेकच्या झटक्याला हाताची मिठी टिकत नाही.

अजून एक प्रश्न तिथे विचारा: "मध्ये अडकले तर कोण आणणार, किती वेळात?" उत्तर ठरलेले हवे, माणूस ठरलेला हवा आणि त्याची दोरी-पुली मचाणावर लटकलेली दिसायला हवी. हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकत राहिले की पायात रक्त साचते, चक्कर येते. दहा मिनिटांच्या पुढे हा गंभीर धोका आहे. मुलांना आधीच शिकवा: अडकलो तर पाय सायकलसारखे हलवत राहायचे.


रानवाट

दोरीच्या पुलांबद्दल थोडे. बर्मा ब्रिज, टायरचा पूल, जाळी यांवर चालताना दोन लॅनयार्ड असतात. नियम एकच: एक हूक कायम तारेवर. झाडापाशी तार बदलताना आधी एक हूक पुढच्या तारेवर, मग दुसरा. मुले घाईत दोन्ही एकदम काढतात, अपघात तिथेच होतो. नऊ आणि तेरा वर्षांच्या मुलांना हे जमिनीवरच्या तारेवर तीनदा करून दाखवायला लावा, मगच वर सोडा. काही पार्कांत सलग तार असते, सुरुवातीला एकदा अडकवले की शेवटपर्यंत सुटत नाही. मुले असतील तर तसा पार्क शोधण्यासाठी दोन फोन जास्त करा.

उंची: वरच्या तारेला टाचा न उचलता हात पोचायला हवा. सहा वर्षांच्या मुलाला जमिनीपासून हातभर उंचीचा छोटा मार्ग पुरतो आणि त्यालाच जास्त मजा येते.

आता रानाचे. हिवाळ्यात खाजकुयलीच्या शेंगा पिकतात. तपकिरी, मखमली, एस आकाराच्या, वेलावर झुपक्याने. वाऱ्याने लव उडते आणि कातडीवर आग होते. मुलांना आधीच दाखवून ठेवा. लागलीच तर चोळायचे नाही. चिकटपट्टी लावून हलकेच ओढायची, मग साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवायचे. कपडे बदलायचे, ते वेगळ्या पिशवीत.

झाडावर पानांची शिवलेली घरटी दिसली तर ते हुमले (चावरे तांबडे मुंगळे). त्या फांदीखाली चटई टाकू नका. आग्या मोहोळ उंच फांदीवर किंवा कड्याखाली असते. अत्तर-परफ्यूम नको, खाली धूर नको, दगड तर नकोच. मचाणाजवळ मोहोळ असेल तर तो मार्ग बंद असायला हवा.

सकाळच्या उन्हाला साप पायवाटेवर येतात. घोणसेचा हा वर्दळीचा काळ. वाळक्या पातेऱ्यात (गळलेल्या पानांच्या थरात) हात घालायचा नाही, चिऱ्यांच्या ढिगावर बसायचे नाही. चावलाच तर बांधणे, चिरणे, चोखणे काही नाही: हातपाय न हलवता १०८ ला फोन आणि रुग्णालय.


औषधपेटी

रानवाट यांनी लिहिले त्यात सर्वांत महत्त्वाचे राहिले: गोचीड.

सत्तरीत माकडताप आहे. २०१५ मध्ये पाळी गावात रुग्ण सापडले आणि त्यानंतरही सत्तरीत रुग्ण आढळत राहिले. रोगाचे नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूर रानात पहिल्यांदा ओळखला गेला. विषाणू गोचिडीतून येतो, माणसाकडून माणसाला होत नाही. मोसम डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका सहलीचा, कारण या दिवसांत गोचिडीची पिल्ले पातेऱ्यात भरपूर असतात. ती खसखशीएवढी असतात, दिसत नाहीत.

घाबरून सहल रद्द करायची गरज नाही. झाडून ठेवलेल्या पार्कात धोका कमी, पातेरा साचलेल्या काजूच्या बागेत आणि रानवाटेवर जास्त. करायचे ते असे:

फिकट रंगाची पूर्ण विजार, पायघोळ मोज्यात खोचलेली. चटई थेट पातेऱ्यावर नाही. आधी जागा झाडून घ्या, खाली जाड ताडपत्री. गोचीड पळवणारे डेपा तेल आरोग्य खाते बाधित भागात वाटते. ते किंवा डीट असलेले मलम हातापायांवर. लहान मुलांसाठी डब्यावर लिहिले आहे तेवढेच, तोंडाला आणि तळव्यांना नाही. मेलेले माकड दिसले तर जवळ जायचे नाही, वनखात्याला कळवायचे.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी गरम पाण्याने साबण लावून आंघोळ, कपडे गरम पाण्यात. मुलांचे अंग बघा: कानामागे, काखेत, कमरपट्ट्याच्या रेषेत, गुडघ्यामागे, केसांत. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. पिळायची नाही, केरोसीन नाही, काडी नाही, बोटांनी चिरडायची नाही. जागा साबणाने धुवायची आणि तारीख कॅलेंडरवर लिहायची.

पुढच्या ३ ते ८ दिवसांत अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी आली तर डॉक्टरांना पहिलेच वाक्य "सत्तरीच्या रानात जाऊन आलो" हे सांगा. पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामके स्वतःहून घेऊ नका, कारण या तापात रक्तस्रावाचा धोका असतो.

आजी-आजोबांच्या रोजच्या गोळ्या दुपारच्या डब्यात आणि एक दिवसाच्या जास्तीच्या. ज्यांना दमा आहे त्यांचा पंप खिशात, गाडीत नव्हे. सकाळी धुके आणि दुपारी एटीव्हीची तांबडी धूळ, दोन्हींनी दमा उसळतो. सोबत मीठ-साखरेची पाकिटे चार, चिकटपट्टी, बँडेज, बारीक चिमटा, जंतुनाशक.


चार_चाकं

रस्त्याचे. या दिवसांत सूर्योदय सातच्या आसपास, सूर्यास्त सहा दहा ते सहा वीस. डोंगराच्या कुशीत पाच-साडेपाचलाच अंधारायला लागते. सव्वासातला निघा. पणजीहून साखळी-होंडामार्गे वाळपई ४५ किलोमीटरच्या आसपास, सव्वा तास धरा. मोलेकडे जायचे तर फोंडा-धारबांदोडा मार्ग. खांडेपार, उसगाव, होंडा भागात सकाळी धुके असते. खालचे दिवे लावा. वरचे दिवे धुक्यात भिंतीसारखे परत येतात. पुढच्या गाडीच्या दिव्यांच्या भरवशावर चालवू नका.

दिवस निवडताना: डिसेंबर-जानेवारी म्हणजे शाळांच्या सहली. शनिवार-रविवार सोडून दुसरा दिवस मोकळा असेल असे समजू नका, पार्काला फोन करून "त्या दिवशी किती शाळा?" असे विचारा. दोन बसगाड्या मुले आली की हार्नेस कमी पडतात आणि घाईत बसवले जातात. २४ डिसेंबर ते २ जानेवारी टाळा. तुम्हाला जानेवारीचा दुसरा आठवडा जास्त बरा. जे डिसेंबरच्या सुरुवातीला जाणार असतील त्यांनी ३ तारखेला जुन्या गोव्याचे फेस्त आहे हे ध्यानात ठेवावे, पणजी-फोंडा वाटेवर गर्दी असते. आणि बोंडला अभयारण्य जोडून करायचे असेल तर गुरुवार सोडून, त्या दिवशी ते बंद असते.

डोंगरात मोबाईलला रेंज नसते. नकाशा घरीच उतरवून घ्या. दोन्ही गाड्यांनी भेटायची जागा आणि वेळ आधी ठरवा.

एटीव्ही: उत्पादकांचा नियम आहे की १६ वर्षांखालच्यांना ९० सीसीपेक्षा मोठे वाहन देऊ नये. म्हणजे तेरा वर्षांच्याला मोठ्यांचे एटीव्ही नाही. एका आसनाच्या एटीव्हीवर दुसरा माणूस नाही, आणि मुलाला पुढे टाकीवर तर मुळीच नाही. चढावर गाडी उडाली तर हँडल थेट त्याच्या छातीत बसते, आणि मागच्याला हँडल वळवताही येत नाही. उतारावर आडवे जाऊ नका, ही गाडी पटकन कलंडते. घोटा झाकणारे बूट, डोळ्यांना चष्मा, नाकाला रुमाल. धुळीमुळे हा खेळ दिवसाच्या शेवटी ठेवा.


कयाक_आणि_वल्हे

पाण्याचे थोडक्यात. म्हादई नदीवरचे राफ्टिंग पावसाळ्यातले, हिवाळ्यात मिळते ते संथ पाण्यातले कयाक किंवा बांबूचा तराफा. संथ म्हणजे उथळ नव्हे. नदीच्या वळणावर कोंड असतात, वरून पाणी हिरवे आणि निवांत, खाली दोन-तीन पुरुष खोल.

लाईफ जॅकेट: मुलाचे जॅकेट वजनावर निवडतात, आत लेबलवर लिहिलेले असते. घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर उचला. जॅकेट कानांपर्यंत सरकले तर ते मोठे आहे. मांड्यांमधून जाणारा पट्टा हवा, नाहीतर पाण्यात जॅकेट वर राहते आणि मूल खाली जाते. ५० न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी. पोहता न येणाऱ्याला, विशेषतः मुलांना, १०० न्यूटनचे, मानेमागे कॉलर असलेले. आतला फोम दाबून बघा. दाबला तर परत फुगायला हवा. कडक, तुटका असेल तर तो तरंगवत नाही.

परतताना वाटेत कुठे पाणी दिसले म्हणून मुलांना उतरवू नका. जुन्या चिरेखाणी आणि खाणींचे खंदक हिवाळ्यात पाण्याने भरलेले असतात, कडा सरळ तोडलेल्या, आत पाय ठेवायला जागा नाही. पट्टीचा पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही.


शिदोरी

आता डबा. पार्कात जेवण मिळते, पण आजी-आजोबांना आणि सहा वर्षांच्याला तिखट-तेलकट जड जाते. अकरा जणांसाठी:

पाणी ३० लिटर. वीस लिटरचा एक जार आणि बाकी बाटल्या. सकाळी थंडी वाटते म्हणून लोक पाणी नेत नाहीत, पण दुपारी पारा ३२-३३ वर जातो. हार्नेस घातला की शौचालयाचा त्रास नको म्हणून मुले पाणी टाळतात, त्यांना आठवण करा.

नाश्ता साडेआठ-नऊला, हलका: उंडे किंवा पोयी (गोव्याचे पाव) तीस, बटाट्याची सुकी भाजी (बटाटे दीड किलो), केळी डझन-दीड डझन. दोरीवर जायच्या तासभर आधी खाणे संपवा. भरल्या पोटी कंबरेचा पट्टा आवळला की मळमळते.

जेवण साडेबाराला: चण्याची सुकी उसळ (चणे पाऊण किलो, रात्री भिजवून), चपात्या, लिंबाचे किंवा आंब्याचे लोणचे, गाजर-काकडी. खोबऱ्याचे वाटण घातलेले काहीही नेऊ नका. अळसांद्यांचे तोणाक (कडधान्याची रस्सा उसळ) आणि खतखते (मिश्र भाज्यांची आमटी) या दिवसांत कितीही मोहात पाडत असले तरी ते घरीच. गाडीच्या डिकीत नारळाचे वाटण दुपारपर्यंत आंबते. हुमण (माशाची आमटी) तर नाहीच.

सोलकढीचे तेच, नारळाचा रस टिकत नाही. त्याऐवजी आगळाची (कोकमाच्या खारट अर्काची) बाटली घ्या आणि तिथे फुटी कढी करा: पाव लिटर आगळ, तीन लिटर पाणी, हिरवी मिरची एक, हिंगाची चिमूट, कोथिंबीर. आगळात मीठ असतेच, म्हणून चव बघूनच वर घाला. घाम आलेल्याला हे उत्तम.

जेवल्यावर एक तास उंचीवर काहीही नाही. त्या वेळात कुळागर फिरवा, मुलांना पोफळीवर चढलेली मिरवेल दाखवा. आजोबांना झाडांची नावे विचारायला सांगा.

उष्टे, कागद, प्लास्टिक सगळे पिशवीत परत. माकडांना खाऊ नाही. एकदा खाऊ घातला की पुढच्या घरच्या मुलाच्या हातातली पिशवी ती ओढतात.


ओहोळ

सर्वांना मनापासून धन्यवाद. मग क्रम असा लावतो: ९ ला पोचणे आणि नाश्ता, १० ला खालचा दोरीचा मार्ग, ११ ला झिपलाईन, साडेबाराला जेवण, दोनला कयाक, साडेतीनला मोठ्यांचे एटीव्ही, साडेचारला निघणे. परतीच्या वाटेवर तांबडी सुर्ला येथील महादेवाचे देऊळ. आजींचा गुडघा आणि पार्काने भरून घेतलेला फॉर्म, यांबद्दल कोणी सांगेल का?


रानवाट

तांबडी सुर्ला परतीला नको, उलट करा. पार्क सत्तरीतला असेल तर ते वाकडे पडते, पोचेपर्यंत अंधार. पार्क धारबांदोडा-मोले भागातला असेल तर आजी-आजोबांना घेऊन एक गाडी दुपारी दोनला तिकडे जाऊ दे. कदंबकालीन देऊळ आहे, झाडी आहे, शेजारी नदी आहे. गाडीतळापासून थोडे चालावे लागते, हळूहळू जायचे. पायऱ्यांवर एकाने हात धरायचा.

पार्कात आजींसाठी घरून हात असलेली एक प्लास्टिकची खुर्ची न्या, पार्कातले बाक बुटके आणि पाठ नसलेले असतात. फोनवर दोन प्रश्न: कमोड आहे का, आणि गाडी जेवणाच्या जागेपर्यंत जाते का. नदीकडे उतरणाऱ्या चिऱ्यांच्या पायऱ्या गुडघ्याला त्रास देतात, उतरताना जास्तच. तेव्हा त्यांनी वरच थांबावे.


गाठ_आणि_दोर

क्रमात एक बदल. झिपलाईन १० ला, दोरीचा मार्ग ११ ला घ्या. अकरानंतर वारा वाढतो, आणि तुमच्या २७ किलोच्या मुलाला समोरचा वारा नको. पण दोन लॅनयार्डचा सराव झिपलाईनच्या रांगेत उभे असतानाच करून घ्या.

फॉर्म: सही करण्याआधी वाचा. आजार लिहायची जागा असेल तर खरे लिहा: रक्तदाब, मिरगी, पाठीची शस्त्रक्रिया, गरोदरपण, खांदा निखळलेला. खांदा एकदा निखळलेला असेल त्याने दोरीच्या मार्गावर हाताने लटकायचे खेळ करू नयेत, तो परत निखळतो. भावाच्या किंवा बहिणीच्या मुलासाठी तुम्ही सही करू नका, त्याच्या आईवडिलांनीच करावी. फॉर्मवर सही केली म्हणून पार्काची काळजी घ्यायची जबाबदारी संपत नाही. खिडकीवर पर्यटन खात्याचे नोंदणीपत्र लावलेले आहे का बघा. गोव्यात पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा १९८२ पासून आहे. त्या पत्रावरची मुदत वाचा.


औषधपेटी

तुमच्या वेळापत्रकात एक ओळ जोडा: साडेचारला निघण्याआधी गाडीत बसायच्या आधीच बूट आणि मोजे झटकून प्लास्टिकच्या पिशवीत बंद, मुलांना स्वच्छ चपला. गोचिडी सीटवर गेल्या तर नंतरही चावू शकतात. डिकीतली ताडपत्री दुसऱ्या दिवशी उन्हात पसरून झाडा, घरात नेऊन नाही.


ओहोळ

दोन्ही बदल केले. उद्या तीन पार्कांना फोन करतो आणि वजनाची किमान मर्यादा, वजनकाटा, मुलांचे पूर्ण अंगाचे हार्नेस, सलग तार, त्या दिवशीच्या शाळा, कमोड, एवढे सहा प्रश्न विचारतो. उत्तरे पार्काचे नाव न लिहिता इथेच देईन.